मोटारीच्या खोलीबाहेर

घोटी

भाताच्या सोंगणीत इगतपुरी तालुक्यात प्रश्नावली घेऊन जाऊ नये. नाशिकच्या कॉलेजात पंचवीस वर्षं भूगोल शिकवणाऱ्या बाईला एवढं कळायला हवं होतं. पण मला सुट्टी तेव्हाच होती, आणि ज्या बायांशी बोलायचं होतं त्या दिवस उगवल्यापासून खाचरात विळा घेऊन वाकलेल्या होत्या. पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत मला गावातल्या बायांच्या फक्त पाठी दिसल्या.

मी गेले होते विजेसाठी. पूर, दुष्काळ, ऊन यांत बाईचं नुकसान पुरुषापेक्षा वेगळं का होतं, असा एक अभ्यास आम्ही सात-आठ जण मिळून करत होतो. विषयांची वाटणी झाली त्या दिवशी मी उशिरा पोहोचले, तोवर पूर आणि दुष्काळ गेले होते आणि वीज तेवढी उरली होती. मला ते जरा लागलंच. वीज क्षणात पडते, त्यात बाई काय आणि पुरुष काय, ती काय विचारून पडते का, असं मी घरी येऊन नवऱ्याला म्हणालेही होते. तो म्हणाला, मग जाऊ नकोस. त्यामुळे जावंच लागलं.

घोटीला एसटीतून उतरलं की भातगिरण्यांचा कोंड्याचा वास नाकात बसतो तो दिवसभर जात नाही. स्टँडसमोर भत्त्याची, म्हणजे तिखट मुरमुऱ्यांची पुडी घेतली आणि गावाकडची जीप भरायची वाट बघत उभी राहिले. समोरून कंपन्यांच्या बस येत होत्या. सातपूरची रात्रपाळी संपवून परतणारे पुरुष खिडकीला डोकं टेकून झोपले होते. आमच्या जीपमध्ये मात्र ड्रायव्हर सोडला तर सगळ्या बायाच, मजुरीला निघालेल्या, विळे फडक्यात गुंडाळून मांडीवर घेतलेल्या. एका वळणावर शेजारणीचा विळा फडक्यातून सुटला आणि माझ्या कुर्त्याला गुडघ्यापासून खाली उभा चिरत गेला. तिनं हळहळून माझ्या कुर्त्याला तिथेच एक गाठ मारून दिली, आणि त्या गाठीसकट मी गावात उतरले.

गावाचं नाव सांगत नाही. लोक चांगले आहेत आणि त्यांना उगीच कुणी बोल लावू नये असं वाटतं.

हिराबाईंचं घर

माझी सोय हिराबाईंकडे होती. पंचेचाळिशीच्या, काटक, बोलायला फटकळ. त्यांचे यजमान नामदेवदादा तेवढेच शांत. मुलगा सातपूरला एका वर्कशॉपमध्ये, आठवड्याला घरी येतो. सून काजल, बारावी झालेली, उन्हाळ्यात लग्न होऊन आली. आणि भिंतीवर हार घातलेला एक फोटो, हिराबाईंच्या धाकट्या जावेचा, मंगलचा. गेल्या वर्षी सोंगणीतच तिच्यावर वीज पडली. मी हेच गाव निवडलं ते तिच्यामुळे.

मंगल कशी गेली ते मला गावात पाऊल ठेवल्यापासून प्रत्येकानं सांगितलं. सगळ्यांचं सांगणं एकच होतं. बाई झाडाखाली थांबली. पोलीस पाटलांनी सांगितलं, शाळेतल्या गुरुजींनी सांगितलं, पंचनाम्यातही तसंच लिहिलं होतं. त्यानंतर ग्रामपंचायतीनं शाळेच्या भिंतीवर रंगात मोठं लिहून घेतलं, विजा होत असताना झाडाखाली थांबू नये. अडाणीपणानं गेली बिचारी, असा एकूण सूर होता. मीही वहीत तसंच टिपून घेतलं.

त्याच संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर बायांना जमवून मी माहिती दिली. पक्क्या खोलीत जायचं. खोली नसेल तर उघड्यावर उकिडवं बसायचं, पाय जुळवून, डोकं गुडघ्यांत, हात कानांवर. करून दाखवायला बसले आणि माझे गुडघे असे कडाडले की बायांना हसू आवरेना. एकदा बसलेली मी उठेना, तेव्हा काजलनं हात दिला.

जेवायला नव्या तांदळाचा भात, नागलीची भाकरी आणि खेकड्यांचा रस्सा. भाताला जो वास येतो तो आमच्याकडे शहरात पोहोचेपर्यंत कुठे जातो कोण जाणे. नामदेवदादा आणि मी पुढच्या खोलीत बसलो, काजल आतून ताट हिराबाईंच्या हातात देत होती. दादा अंगणात आले की ती उठून उभी राही, पदर पुढे ओढी आणि भिंतीच्या कडेकडेनं आत जाई. पाच-सहा महिन्यांत ती सासऱ्यांशी एक शब्द बोललेली नव्हती आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. तिथल्या रीतीप्रमाणे सासरा आणि थोरला दीर यांच्यासमोर सुनेनं थांबायचं नाही. माझंही लग्न झालं तेव्हा आमचे सासरे हॉलमध्ये पेपर वाचत बसायचे आणि मी न्हाणीघरात जायला मागच्या गॅलरीतून वळसा घ्यायची. आता आपण किती सुधारलो, असा एक समाधानी विचार तेव्हा मनात आला, तो इथे कबूल करून ठेवते.

खाचरात

दुसऱ्या दिवशी मी एक काम केलं ज्याचा मला फार अभिमान वाटत होता. विजेची सूचना आधी देणारं एक अ‍ॅप मोबाइलवर मिळतं. ते मी गावात जमेल त्याच्या मोबाइलवर घालून दिलं. बायांचे मोबाइल घरी कोनाड्यात असतात, कारण सोंगणीत ते भिजतात आणि ठेवायला खिसा नसतो. काजलनं आपला मोबाइल लग्नानंतर नवऱ्याला देऊन टाकला होता, त्याचा बिघडला म्हणून. शेतात जाणारा मोबाइल एकच, नामदेवदादांच्या शर्टाच्या खिशातला, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला. दादांनी ते अ‍ॅप मन लावून शिकून घेतलं. सूचना आली की मी हाळी देईन, म्हणाले. मला वाटलं, चला, निदान एका शेताचं तरी काम झालं.

तिसऱ्या दिवशी बाया बोलायला येत नाहीत म्हटल्यावर मीच खाचरात उतरले. हिराबाईंनी मला विळा द्यायला नकार दिला आणि कापलेल्या भाताची कडपं उचलून बांधावर न्यायला लावलं. खाचरात सोंगणीच्या वेळी खरं तर पाणी नसावं. पण परतीचा पाऊस हल्ली परत जातच नाही. कापलेलं भात चिखलात भिजत होतं, लोंब्यांना कोंब येत होते, आणि बाया दुपारच्या आभाळाकडे बघत हात चालवत होत्या. पूर्वी दसऱ्यापर्यंत आभाळ मोकळं व्हायचं, आता दिवाळीचे दिवे लावले तरी गडगडतं, असं हिराबाई सांगत होत्या. पुरुषांच्या पाळ्या ठरलेल्या. उघड्यावर राहिलेलं काम बायांच्या अंगावर आणि त्यांना सुट्टी आभाळ देईल तेव्हा. अर्ध्या तासात मी दोनदा घसरले, चप्पल चिखलात गेली ती सापडलीच नाही, आणि उरलेला प्रवास मी काजलच्या प्लॅस्टिकच्या चपलांवर केला.

काम करता करता माझे प्रश्न चालू होते. शेतापासून पाच मिनिटांच्या आत पक्का निवारा आहे का? सगळ्या जणींनी हो म्हटलं. आणि होताच. विहिरीच्या काठावर नामदेवदादांची पाण्याच्या मोटारीची खोली, विटांची, वर स्लॅब, आत दहा माणसं दाटीनं मावतील एवढी. ज्या आंब्याखाली मंगल गेली तो तिथून हाकेच्या अंतरावर होता. एवढी खोली शेजारी असताना बाई झाडाखाली का थांबली असेल, याचं मला नवल वाटलं. मी तसं मोठ्यानं म्हटलंही. त्यावर हिराबाईंचा विळा जरा जोरात चालायला लागला.

ओढ्यावर

चौथ्या दिवशी सकाळी हिराबाई कपडे धुवायला ओढ्यावर निघाल्या आणि मला म्हणाल्या, चला. काजलला त्यांनी मुद्दाम घरी ठेवलं. दोन लुगडी आपटून झाल्यावर, माझ्याकडे न बघता, त्यांनी सुरुवात केली.

"ताई, मंगल अडाणी नव्हती. सातवी शिकली व्हती. झाडाखाली ईज पडती हे तिला ठावं व्हतं."

मग त्यांनी सांगितलं ते असं. त्या दिवशी दुपारी आभाळ एकदम फुटलं. नामदेवदादा मोटार बंद करायला खोलीत गेले होते, ते तिथेच थांबले. हिराबाई धावत आत शिरल्या. मंगल दारापर्यंत आली आणि थांबली. आत थोरला दीर. तिचं लुगडं पावसानं अंगाला चिकटलेलं, पदर नीट नाही. ती मागे सरली. दादांनी तिला बघितलं आणि चटकन तोंड भिंतीकडे फिरवलं, म्हणजे आता तरी ती येईल. हिराबाईंनी हाक मारली. मंगलनं हातानं नको म्हणून सांगितलं आणि ती आंब्याच्या दिशेला गेली, पाऊस ओसरला की येते अशा बेतानं. इथे त्यांनी तिसरं लुगडं दगडावर आपटायला घेतलं.

"आमचे हे वाईट नायत," त्या म्हणाल्या. "त्यांनी तोंड फिरवलं ना. मीच आत बसून ऱ्हायले. कोरडी."

पंचनाम्याला आलेल्या माणसांना हे का सांगितलं नाही, असं मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की माझाच प्रश्न मला लाजिरवाणा वाटला. दहा पुरुष बसलेले, त्यांच्यापुढे मेलेल्या जावेच्या ओल्या लुगड्याची गोष्ट काढायची? त्यापेक्षा अडाणी होती हे बरं.

ओढ्यावरून परतताना मला आमच्या इमारतीतली एक दुपार आठवली. भूकंपाचा बारीक धक्का बसला होता. खालून लोक ओरडत होते, उतरा, उतरा. आणि मी गाऊनवर घ्यायला ओढणी शोधत कपाट उघडत होते. दोन सापडल्या, त्यातली रंगाला बरी दिसेल ती घेतली आणि मग जिना उतरले. खाली पोहोचले तेव्हा सगळे पुरुष बनियनवर उभे होते. हे मी पुढे कितीदा तरी हसत हसत सांगितलं होतं. त्या दिवशी ओढ्याच्या पायवाटेवर ते आठवून मला अजिबात हसू आलं नाही.

दादांशी बोलायला हवं, हे मला तेव्हाच कळलं. आता त्या घरात काजल होती आणि सासऱ्याचा आडपडदा थोरल्या दिरापेक्षा कडक. विजा व्हायला लागल्या की तुम्ही त्या खोलीत थांबू नका, किंवा पोरीला आधी सांगून ठेवा की खुशाल आत ये, एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हणजे त्यांना सरळ सांगणं की तुमची भावजय तुमच्यामुळे गेली. संध्याकाळी ते गाईचं दूध काढत होते तेव्हा मी दोनदा गोठ्यापर्यंत जाऊन परत आले. शेवटी ठरवलं, उद्या निघायच्या आधी बोलू. माझी जीप दुपारी चारची होती.

मोटारीची खोली

पाचव्या दिवशी सकाळपासून उकडत होतं. शेवटचं खाचर राहिलं होतं आणि निरोप घ्यायला म्हणून मीही बांधावर गेले. हिराबाई आणि काजल सोंगत होत्या. दादा दुसऱ्या टोकाला भारे बांधत होते. तीनच्या सुमाराला घाटाच्या बाजूनं आभाळ काळं झालं.

दादांच्या खिशातला मोबाइल वाजला. मी शिकवलं होतं तसंच त्यांनी सगळं केलं. भारा टाकला, हात वर करून हाळी दिली, "चला, ईज हाय, खोलीत चला," आणि स्वतः खोलीकडे पळाले, मोटारीचं बटण बंद करायला, कारण तेही मीच सांगितलं होतं. सर्वांत आधी तेच पोहोचले. त्यांच्यामागे मी. खोलीत शिरून मी वळून बघितलं.

पाऊस आडवा येत होता. हिराबाई आणि काजल धावत आल्या आणि दारापासून पाच-सहा पावलांवर काजल थांबली. साडीवरून घातलेला नवऱ्याचा शर्ट आणि साडी, दोन्ही भिजून अंगाला चिकटले होते. तिनं आत बघितलं, सासऱ्यांना बघितलं आणि पदर ओढायला लागली. ओला पदर डोक्यावर टिकेना. दादांनी लगेच तोंड भिंतीकडे केलं.

"काजल, आत ये," मी ओरडले. ती मान खाली घालून उभी. समोरच्या डोंगरावर वीज कडाडली आणि खोलीचं पत्र्याचं दार थरथरलं.

मी दादांकडे वळले. म्हटलं, दादा, ती तुमच्यामुळे येत नाहीये. वाक्य तोंडातून गेलं आणि मला वाटलं, हे काल गोठ्यात म्हणायचं होतं.

ते भिंतीकडे तोंड करूनच बोलले.

"मला ठावं हाय ताई. तवाबी ठावं व्हतं." मग म्हणाले, "मी भायेर जाऊ? तुम्ही सांगा, मी जातो."

आणि मला सांगता आलं नाही. बाहेर आभाळ फाटत होतं. जा म्हणून सांगितलं आणि त्या माणसावर वीज पडली तर? नको म्हणून सांगावं तर पोर बाहेर. मी नुसती त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. दार माझ्या हाताशी होतं. मी बाहेर जाऊन तिला दंडाला धरून ओढू शकले असते. तेही केलं नाही. मला भीती वाटत होती, विजेची, माझ्या स्वतःच्या जिवाची, एवढं सरळ आहे ते.

हिराबाई तोवर उंबऱ्यावर आल्या होत्या. एक पाय आत. त्यांनी नवऱ्याच्या पाठीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता त्या नवऱ्याला सुनावणार, फटकळ बाई आहे, हात धरून सुनेला आत घेणार. त्यांनी उंबऱ्यावरचा पाय मागे घेतला. वळल्या आणि पावसात काजलजवळ गेल्या. तिच्या खांद्यावर हात दाबून तिला खाली बसवलं आणि स्वतः शेजारी बसल्या. पाय जुळवून, डोकं गुडघ्यांत, हात कानांवर. दोघीही अगदी बरोबर बसल्या होत्या.

पुढची वीज मंगलच्या आंब्याच्या पलीकडे, बांधावरच्या सादड्याच्या झाडावर पडली. उजेड आणि आवाज एकत्रच आले. काही क्षण मला ऐकूच येईना. दादा भिंतीला कपाळ लावून उभे होते. मी डोळे उघडले तेव्हा बाहेर दोन्ही डोकी गुडघ्यांत तशीच होती आणि त्यांतलं एक हललं. मग दुसरंही हललं. मी खाली बसून रडले.

पंधरा-वीस मिनिटांनी गडगडाट डोंगरापलीकडे गेला. दादा आधी बाहेर पडले, त्या दोघींकडे न बघता, विहिरीच्या पलीकडून लांबचा वळसा घेऊन. ते दिसेनासे झाल्यावर काजल आत आली. तिचे ओठ निळे पडले होते. कोपऱ्यात उभी राहून ती शर्ट पिळायला लागली आणि मला म्हणाली, ताई, तुमची जीप चुकली का हो? मी माझी ओढणी तिच्या डोक्यावर टाकली.

हिराबाई दाराबाहेरच विळे गोळा करत होत्या. मी त्यांच्याजवळ गेले. मला राग आला होता, त्यांचा, दादांचा, सगळ्यात जास्त माझा, आणि तो त्यांच्यावरच निघाला. म्हटलं, हिराबाई, काल ओढ्यावर तुम्हीच तर सांगितलंत सगळं. मग दादांना एक शब्द बोलायचा होता. तिला आत ढकलायचं होतं. तुम्ही स्वतः कशाला बाहेर जाऊन बसलात?

त्यांनी विळ्यांचा चिखल पदरानं पुसला. माझा प्रश्न त्यांना कळलाच नसावा असं वाटलं.

"मंगल एकटी व्हती ना ताई," त्या म्हणाल्या. "वरीसभर मला तेच खात व्हतं. हिला मी एकटी नाय ठेवली."

थंडीनं त्यांचे दात वाजत होते, पण चेहरा मोकळा होता. चार दिवसांत मी त्यांना एवढं शांत पाहिलं नव्हतं. विळे काखेत धरून त्या काजलला हाक मारत खाचराकडे निघाल्या, उजेड आहे तोवर उरलेलं भात उचलायला.